उगवण झाली, पण राखण बाकी आहे

वाचकहो, आम्ही डॉक्टर मंडळी सहसा आपल्या यशाच्या गोष्टी सांगतो. आज मात्र माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. कारण तशी चूक उद्या तुमच्या घरात किंवा माझ्या एखाद्या व्यवसायबंधूच्या दवाखान्यातही होऊ शकते.

वाशी तालुक्यातील एका खेड्यातला एकवीस वर्षांचा मुलगा. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्याला रक्ताचा कर्करोग झाला. मोठ्या शहरातील एका रुग्णालयात औषधोपचार झाले आणि पुढे थोरल्या भावाच्या मूलपेशी त्याला देण्यात आल्या. आश्विनात रोपण झाले आणि माघात पोरगा घरी आला. साऱ्या गावाला आनंद झाला. दारात मोटारसायकलींची रांग लागली. जो तो येऊन तोंडावरून हात फिरवी, नारळ देई, पेढा भरवी. फाल्गुनात ज्वारीच्या राशी सुरू झाल्या. घरापासून हाकेच्या अंतरावर मळणीयंत्र चाले आणि हा ओट्यावर बाज टाकून ते पाहत बसे. चार महिने खोलीत कोंडलेला जीव, त्याला नाही तरी कोण म्हणणार?

एके संध्याकाळी भाऊ त्याला माझ्याकडे घेऊन आला. अंगात थोडा ताप होता आणि कोरडा खोकला येत होता. चार दिवसांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट बरोबर होता. पांढऱ्या पेशी ५,२०० म्हणजे तुमच्या-माझ्याइतक्याच होत्या. तो आकडा पाहून मी निर्धास्त झालो आणि म्हणालो, "पेशी उत्तम आहेत. धुळीचा खोकला दिसतो. औषध देतो, दोन दिवसांनी दाखव." भावाने मान डोलावली. पण त्याच्या मनाला ते पटले नसावे. रात्री त्याने रोपण केलेल्या रुग्णालयाला फोन लावला. तिकडून उत्तर आले, "दोन दिवस थांबू नका, आत्ता निघा." रातोरात गाडी करून ते निघाले. छातीच्या साध्या एक्स-रेत विशेष काही दिसले नाही, पण सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात बुरशीची गाठ सापडली. कित्येक आठवडे उपचार चालले आणि पोरगा वाचला. पण ते श्रेय भावाच्या फोनचे आहे, माझ्या औषधाचे नाही.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे आणि तीच आज सांगायची आहे. रक्तातील पेशींचा आकडा परत आला म्हणजे शरीराचे संरक्षण परत आले असे नव्हे. रोपणानंतरचे पहिले वर्ष, कधी कधी दोन वर्षे, हाही उपचाराचाच भाग असतो. आणि तो भाग रुग्णालयात नव्हे, तर आपल्या गावात, आपल्या घरात पार पडतो.

रोपण म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ गर असतो. त्यातील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका आयुष्यभर तयार होत राहतात. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा वाळून जाणे अशा काही आजारांत हा कारखानाच बिघडतो. तेव्हा तीव्र औषधांनी, कधी किरणोपचारानेही, जुनी मज्जा नष्ट करतात आणि दात्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून देतात. यात चिरफाड नसते. बाहेरून पाहणाऱ्याला रक्ताची पिशवीच चढवल्यासारखे दिसते.

आपण शेतकरी माणसे आहोत, म्हणून शेताचेच उदाहरण देतो. रानात हराळी माजली की वरवरची खुरपणी उपयोगी पडत नाही. नांगर खोल घालावा लागतो. हराळीची मुळी निघते, पण त्याच नांगराने बांधावरचे कुंपणही मोडते. मग नवे बी पेरतात. पंधरा-वीस दिवसांत हिरवे कोंब दिसू लागतात आणि पाहणाऱ्याला वाटते, झाले, पीक आले! पण कुंपण अजून उभे राहिलेले नसते. उगवलेल्या शेताला राखण नसेल, तर रास घरी येईल याची खात्री कोण देणार?

हे शास्त्र सहजासहजी हाती आलेले नाही. अमेरिकेत डॉ. ई. डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकात असे प्रयत्न सुरू केले, तेव्हा सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी आणि दाता होता तिचा सख्खा भाऊ. आज मुंबई-पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी ही सोय आहे. टाटा रुग्णालयाचे खारघर येथील केंद्र आणि मुंबई महापालिकेचे बोरिवलीचे केंद्र यांची नावे पुष्कळांना ठाऊक असतील. पूर्वी पूर्ण जुळणारे भावंड असेल तरच हा उपचार होई, आणि कोणतेही एक सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक इतकीच असते. आता आई, वडील किंवा अर्धे जुळणारे भावंडही दाता होऊ शकते. म्हणजेच येत्या काळात आपल्या खेड्यांतून असे रुग्ण वाढणार आहेत. त्यांना सांभाळायची आपली तयारी आहे काय?

फुफ्फुसांवरच घाला का?

माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा छातीत घेतो. त्या हवेबरोबर धूळ येते, जंतू येतात, विषाणू येतात आणि बुरशीचे बीजकणही येतात. अॅस्परजिलस नावाची बुरशी तर आपल्या अंगणातच असते. भिजलेला कडबा, सोयाबीनचे भुसकट, उकिरडा, जुन्या भिंतीची माती या सगळ्यांत ती सापडते. तिचे कण इतके बारीक असतात की नाकातील केसांना चुकवून थेट फुफ्फुसांच्या तळाशी पोहोचतात. असे शेकडो कण तुम्ही-आम्ही रोज आत घेतो आणि आपल्याला काहीही होत नाही. कारण आत पहारा असतो.

हा पहारा तीन प्रकारचा असतो. पहिला, वायुकोशांत फिरणाऱ्या भक्षक पेशींचा. आलेला कण त्या गिळून टाकतात. दुसरा, रक्तातून धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा. गावात चोर शिरल्याची हाक उठावी आणि तरणी पोरे काठ्या घेऊन धावावीत, तशा त्या येतात. तिसरा, लिम्फोसाइट पेशींचा. त्यांना जुन्या शत्रूंची ओळख असते आणि त्यांतील काही त्या शत्रूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात. लहानपणी टोचलेल्या लशींची आठवण याच पेशी जपून ठेवतात.

रोपणाच्या वेळी हे तिन्ही पहारे एकदम मोडतात. ते परत उभे राहतात, पण एकाच वेळी नाही. न्यूट्रोफिल साधारण दोन ते चार आठवड्यांत येतात. लिम्फोसाइटना कित्येक महिने लागतात, कधी वर्ष उलटून जाते. लशींची आठवण तर बहुतांशी पुसली जाते. पंचविशीतला रुग्णसुद्धा या बाबतीत तान्ह्या बाळासारखा कोरा होतो.

यात आणखी एक अडचण आहे. दात्याच्या पेशींना हे शरीर परके वाटते आणि कधी कधी त्या यजमानावरच उलटतात. डॉक्टर या आजाराला जीव्हीएचडी म्हणतात. त्यात कातडीवर चट्टे येतात, जुलाब होतात, कावीळ होते. काहींच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आवळल्या जाऊन दम लागू लागतो. हे टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणारी औषधे द्यावी लागतात. आमच्या त्या मुलालाही अंगावरच्या चट्ट्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. म्हणजे रिपोर्टमध्ये पेशी ५,२०० दिसत होत्या, पण गोळ्यांनी त्यांचे हात बांधलेले होते. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

या बाबतीत एक संशोधन मला फार बोलके वाटते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी रोपण केलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पेशींची संख्या पूर्ववत झाल्यावरही त्यांच्या फुफ्फुसांतील भक्षक पेशी जंतू गिळण्यात कमी पडत होत्या. प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचे द्रव्य तेथे जास्त प्रमाणात तयार होऊन त्या पेशींना सुस्त करत होते. पहारेकरी जागेवर उभा आहे, पण पेंगतो आहे, असाच हा प्रकार. उंदरांवरचे हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत आणि त्यावरून घरच्या घरी कोणतीही गोळी घेऊ नये. पण नुसती डोकी मोजून पहारा कळत नाही, एवढे यातून नक्की शिकावे.

धोक्याचे तीन टप्पे

पहिला महिना बहुधा रुग्णालयातच जातो. त्या काळात न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरला ५०० च्या खाली गेलेले असतात. जिवाणू आणि बुरशी या दोघांचे भय असते. म्हणून रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात.

दुसरा टप्पा साधारण शंभराव्या दिवसापर्यंतचा. या काळात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोके वर काढतो. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडलेला असतो. पहारा ढिला पडला की तो जागा होतो आणि न्यूमोनिया घडवतो. म्हणून या काळात ठरावीक दिवसांनी रक्त तपासून त्याचा माग ठेवतात. ही तपासणी चुकवू नये. न्यूमोसिस्टिस नावाची बुरशीही याच सुमारास हल्ला करते. तिच्यासाठी को-ट्रायमॉक्साझोलची साधी, स्वस्त गोळी कित्येक महिने देतात. "आता बरे वाटते, मग गोळी कशाला?" म्हणून ती सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तसे करणे जिवावर बेतू शकते.

तिसरा टप्पा शंभर दिवसांनंतरचा, म्हणजे रुग्ण गावी परततो तेव्हाचा. ज्यांना जीव्हीएचडी आहे आणि स्टिरॉइड चालू आहेत, त्यांना बुरशीचा, विषाणूंचा आणि न्यूमोकोकस जंतूचा धोका या काळातही राहतो. आपल्या देशात क्षयरोगही विसरून चालत नाही. ज्यांना स्वतःच्याच साठवलेल्या मूलपेशी परत दिलेल्या असतात, त्यांची प्रतिकारशक्ती तुलनेने लवकर सावरते. तरी त्यांनाही काळजी सुटत नाही.

माझे गाऱ्हाणे तिघांशी

पहिले गाऱ्हाणे आपल्या समाजाशी आहे. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपला चांगला रिवाज आहे. परंतु या रुग्णाच्या बाबतीत भेटायला न जाणे हीच खरी माया. त्या मुलाच्या आईला मी हे नंतर समजावू लागलो, तेव्हा ती माउली म्हणाली, "आवं डॉक्टर, लेकरू मरणाच्या दारातनं माघारी आलंय, लोकांना दारातनं परत कसं लावू?" तिचे दुःख मला समजते. पाहुण्याला परत पाठवणे आपल्याकडे अपमानाचे मानतात. म्हणून हे काम आईवर टाकू नये. गावातल्या जाणत्या माणसाने ते अंगावर घ्यावे. भेटायचे तर अंगणात, अंतरावरून, तोंडाला मास्क लावून भेटावे. सर्दी-खोकला असेल तर मुळीच जाऊ नये. २०२० साली आपण सर्वांनी हे केले आहे, आता एका जिवासाठी करायचे आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस बोलला असेल तर तो जरूर फेडावा, पण चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत आणि फुफाट्यात रुग्णाला नेऊ नये. नवस दोन वर्षांनी फेडला म्हणून देवी रागावत नाही.

दुसरे गाऱ्हाणे माझ्या व्यवसायबंधूंशी, म्हणजे आधी माझ्याशीच आहे. या रुग्णाचा ताप ही तातडीची बाब आहे. आपण तपासावे, पण "दोन दिवस पाहू" म्हणू नये. त्याच वेळी रोपण केंद्राशी बोलावे. खोकला दिसला म्हणून अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करू नयेत. त्यांतील रिफाम्पिसिन हे बुरशीवरील व्होरिकोनाझोल आणि जीव्हीएचडीवरील सायक्लोस्पोरिन या औषधांचा रक्तातील जोर कमी करते. उलट काही साधी प्रतिजैविके सायक्लोस्पोरिनचे प्रमाण वाढवून मूत्रपिंडाला इजा करतात. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकले जाणारे काढे आणि चूर्णे यांचेही तेच. जी शक्ती डॉक्टर जाणूनबुजून आवरून धरत आहेत, ती परस्पर डिवचण्यात कोणता शहाणपणा?

तिसरे गाऱ्हाणे मोठ्या रुग्णालयांशी आणि शासनाशी आहे. घरी सोडताना रुग्णाच्या हाती इंग्रजी कागदांचा गठ्ठा दिला जातो. त्याच्या घरात तो कोण वाचणार? प्रत्येक रोपण झालेल्या रुग्णाला मराठीत एक कार्ड द्यावे. त्यावर औषधे, धोक्याची लक्षणे, लशींच्या तारखा आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक असावा. त्याची एक प्रत ग्रामीण रुग्णालयात, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक गावच्या आशाताईंकडे असावी. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तेथे या रुग्णांसाठी जिल्ह्याचे एक संपर्क ठिकाण ठरवणे अशक्य नाही. रोपणाला लाखो रुपये लागतात. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाची बाल सेवा योजना आहे, इतरांना शासनाच्या व धर्मादाय निधीतून मदत मिळू शकते. एवढा पैसा ओतून उभे केलेले पीक एका कार्डाअभावी जाऊ द्यायचे काय?

कोणी म्हणेल, असल्या कार्डांनी काय होते? त्यांनी बार्शीकडे पाहावे. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या भागांतील खेड्यांत तिचे कार्यकर्ते फिरले. नुसती नोंद करून ते थांबले नाहीत, तर कर्करोगाची लक्षणे लोकांना समजतील अशा भाषेत सांगत गेले. पुढे १९९० च्या दशकात असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीला येऊ लागल्या. तेथे एखादे नवे महागडे यंत्र आले म्हणून हे झाले नाही, माणसे माणसांशी बोलली म्हणून झाले. जे आपल्या शेजारी घडले ते येथेही घडू शकते.

घरच्यांनी काय करावे?

काहीजण म्हणतात, "डॉक्टर, आमचे सारे आयुष्यच धुळीत, ती कुठवर टाळणार?" खरे आहे, सगळी धूळ टाळता येत नाही. पण मोठा धोका टाळता येतो. मळणी, कडबा रचणे, उकिरडा उपसणे, घराची पाडापाड ही कामे चालू असतील त्या दिवसांत रुग्णाला तेथून दूर, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवावे. रुग्ण असलेल्या खोलीत झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, उदबत्ती आणि दिवाळीत फटाक्यांचा धूर यांपासून त्याला जपावे. तेरखेड्याचे फटाके आपल्या भागाची शान खरी, पण रुग्णाने ते काचेआडून पाहावेत. पाणी उकळून द्यावे, अन्न ताजे आणि शिजलेले असावे. हात साबणाने धुणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे.

घरात थर्मामीटर असावा. ताप १००.४ अंशांवर गेला, नवा खोकला लागला, चालताना दम लागला, छातीत दुखले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. तापाची गोळी देऊन आकडा खाली आणण्याआधी केंद्राला फोन करावा.

लशींचे वेळापत्रक नव्याने सुरू करावे लागते. न्यूमोकोकसची लस साधारण तीन ते सहा महिन्यांनंतर, फ्लूची बहुधा सहा महिन्यांनंतर देतात. गोवरासारख्या जिवंत जंतूंच्या लशी दोन वर्षांच्या आत देत नाहीत आणि त्यानंतरही केंद्राच्या परवानगीनेच देतात. घरातील इतरांनी मात्र दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. ज्याचे स्वतःचे कुंपण मोडले आहे, त्याचे कुंपण घरच्यांनी व्हायचे असते.

परवा तो मुलगा दवाखान्यात आला होता. अंगाने भरला आहे. चढ चढताना अजून थोडी धाप लागते, पण बीए पुरे करणार म्हणतो. न्यूमोकोकसच्या पुढच्या लशीची तारीख विचारायला आला होता. मी त्याचे कागद पाहू लागलो आणि सवयीने आधी पांढऱ्या पेशींचा आकडा शोधू लागलो. तो हसून म्हणाला, "डॉक्टर, आकडा राहू द्या, आधी छाती तपासा." मी स्टेथोस्कोप उचलला.